खळ लावलेली कॉमिक्स

आमच्या घरात चौदाशे कॉमिक्स आहेत असं मी कोणाला सांगितलं, की समोरचा आधी माझ्याकडे आणि मग माझ्या पांढऱ्या केसांकडे पाही. पन्नाशीच्या बाईला साड्यांचा शौक असावा, फार तर भांड्यांचा. दुर्गजवळच्या चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत मला मागून ‘कॉमिक्सवाली मॅडम’ म्हणतात, हे मला ठाऊक आहे. म्हणोत बापडे. इतकी वर्षं मी ती पुस्तकं विकली नाहीत, कोणाला वाचायला दिली नाहीत, आणि खरं सांगायचं तर स्वतःही उघडली नाहीत. शौक असा नसतो. पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

यंदा मात्र विकणं भाग पडलं. नवरा रेल्वेतून रिटायर झाला, क्वार्टर सोडायची तारीख आली. दुर्गला घेतलेल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं, माझे ऐंशीचे बाबा, त्यांची खाट आणि सहा पत्र्याच्या पेट्या एवढं मावणार नव्हतं.

“आता पेट्या तरी जातीन नाही तर मी तरी,” नवरा म्हणाला. तो गंमत करत होता. तरी मी क्षणभर विचार केलाच.

यापूर्वी दोन-तीनदा पेट्या काढायचा विषय निघाला होता. दर वेळी बाबांनीच मोडता घातला होता. “राहू द्या,” ते म्हणत, “पोरीचा शौक आहे.” या वेळी ते काही बोलले नाहीत. पुढच्या खोलीत खाटेवर पडून नुसते पंख्याकडे पाहत राहिले.

जुनी कॉमिक्स विकत घेणारा नागपूरचा एक माणूस व्हॉट्सॲपवर सापडला. तो माझ्या निम्म्या वयाचा असेल, पण बोलणं एखाद्या डॉक्टरासारखं. त्यानं फोनवर मला ढीग करायला शिकवलं. पिना गंजलेली वेगळी, कसर लागलेली वेगळी, शाईनं नावं लिहिलेली वेगळी. सगळ्यात वरचा ढीग कोऱ्यासारख्यांचा.

“अन् मॅडम, काहीच्या मागं कागद चिकटवलेला असंन तर तो ढीग अलगच ठेवा. खोलू नका. पाणी तर बिलकुल नका लावू. ते आमी पाहून घेतो.”

“हो,” मी म्हटलं, आणि फोन ठेवल्या ठेवल्या मागच्या खोलीत पेट्यांकडे धावले. तो रविवारी येणार होता. फोन झाला तो मंगळवार होता.

कारण त्या मागून चिकटवलेल्या ढिगातच, कुठल्या तरी एका पुस्तकात, मी माझ्या बापाची नोकरी चिकटवून ठेवली होती. छत्तीस वर्षं मी हेच समजून चालले होते.

तेव्हा आम्ही खुर्सीपारला राहायचो. बाबा औद्योगिक भागातल्या एका छोट्या ढलाईच्या, म्हणजे ओतकामाच्या, कारखान्यात होते. तो कारखाना आता राहिलेला नाही. साच्यात ओतलेले लोखंडी नग तिथे एका तेलाच्या भट्टीत रात्रभर ठरावीक उष्णतेवर ठेवत, आणि ती उष्णता हलू द्यायची नाही, हे बाबांचं काम. भट्टीशेजारी एक यंत्र होतं. त्यात ताटाएवढा, कडेनं तासांच्या खुणा छापलेला गोल कागद हळूहळू फिरे आणि त्यावर जांभळ्या शाईची रेघ उमटे. भट्टी नीट राहिली तर रेघ छान वर्तुळात जाई, थंड पडली तर आत वळे. त्याला सगळे चार्ट म्हणत. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण चार्ट तिला वाचता येई. गल्लीतल्या बायांना ती बाबांबद्दल सांगायची, “यायची लाइन कधी वाकडी नाही गेली.”

ऑफिसात नोंद झाली की जुन्या चार्टांवर निळा शिक्का मारून ते रद्दीत टाकत. बाबा त्यांचे गठ्ठे घरी आणून फळीवर ठेवत. कागद जाड, मागची बाजू कोरी. आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरांच्या शाळेच्या पुस्तकांना याच चार्टांची कव्हरं होती. भट्टीच्या रेघा पाठीवर घेऊन आम्ही गणितं शिकलो आणि नापासही झालो.

बारा वर्षांची असताना मी उन्हाळ्याच्या सुट्टीत ओट्यावर कॉमिक्स भाड्यानं द्यायला लागले. दोरी बांधून तिच्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी पुस्तकं टांगायची. घरी न्यायची तर चार आणे, तिथेच बसून वाचायची तर दहा पैसे. बाबा पगार झाला की दुर्ग स्टेशनजवळून किलोच्या भावानं जुनी पुस्तकं आणून द्यायचे. पोरं मात्र राक्षसासारखी वाचत. आठवड्यात मागचं कव्हर निखळे, मग शेवटचं पान जाई. म्हणून मी मागून जाड कागद लावायला लागले. मैद्याची खळ शिजवायची, तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकायचं, म्हणजे कसर लागत नाही. हे बाबांनीच शिकवलं होतं. चार्ट पुस्तकाच्या मापाला दुमडून त्याची छापील बाजू आत चिकटवायची, आणि बाहेरच्या कोऱ्या बाजूवर नंबर टाकायचा. काम असं पक्कं, की आजही त्यांतला एकही कागद आपणहून पुरता निघालेला नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात, मे महिन्यातल्या एका दुपारी मी फळीवरचा सगळा गठ्ठा संपवला. एकही चार्ट उरवला नाही. चारच्या सुमाराला बाबा आले. चप्पल न काढता आत गेले, फळी पाहिली आणि बाहेर आले.

“इथले चार्ट कुठं गेले?”

त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, सगळे वापरले म्हणून मार बसणार. मी म्हटलं, “मले नाही माहीत. आईनं रद्दीवाल्याले देले असतीन.”

एवढंच बोलले मी. आई नळावर गेली होती. ती आल्यावर बाबांनी तिला तीनदा विचारलं. ती शपथेवर सांगत राहिली की दिले नाहीत, आणि मग तिलाच खात्री वाटेना, कारण रद्दी ती त्याच आठवड्यात देऊन बसली होती. दुसऱ्या दिवशी ती उन्हात खुर्सीपारची सगळी रद्दीची दुकानं फिरली. तिसऱ्या दिवशी मला कळलं की कारखान्यात एका रात्रीचा माल तपासणीत नापास झाला आहे, बाबा पाळीवर झोपले असं मालक म्हणतो आहे, आणि त्या रात्रीचा चार्ट तेवढा सापडत नाही. तो कागद बाबांनी पुरावा म्हणून घरी आणून ठेवला असणार, असं मी ताडलं. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण कुठल्या पुस्तकात, हे मलाही सांगता आलं नसतं, आणि आता आईवर आळ घेतल्याचंही कबूल करावं लागलं असतं. मी गप्प राहिले. आठ दिवसांनी बाबांना उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

पुढे त्यांनी हमाली केली, मग चौकीदारी धरली. रात्रभर जागायची नोकरी. आई मात्र खचली. कोणी काही शोधायला लागलं की ती आधीच म्हणे, “मीच फेकलं असंन बाई.” ती जाऊन अकरा वर्षं झाली. आमच्याकडे रोज संध्याकाळी पंचशील होतं. खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं की माझा आवाज बारीक होई, आणि नेमकं त्याच जागी बाबा खाकरत. मला वाटे, ते मलाच सुनावतात. एवढ्याशा खाकरण्यानं मी दर संध्याकाळी दचकत आले आहे.

तर आता रविवारच्या आत तो कागद सापडायला हवा होता. नाही तर तो नागपूरला जाणार आणि कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या परातीत भिजून टराटरा निघणार. बाबांची निर्दोष रेघ माझ्या हातून दुसऱ्यांदा जाणार. सापडला असता तर काय करणार होते? बाबांना दाखवणार. म्हणजे आधी सगळं सांगणार.

मागून कागद लावलेली त्रेसष्ट निघाली. मी माझ्या ऑफिसात रजा टाकली. मागच्या खोलीचं दार लोटून, जुन्या धोतराचा ओला तुकडा कागदावर ठेवायचा, दहा मिनिटं थांबायचं, मग बोथट सुरीनं कोपरा उचलायचा. नागपूरच्यानं जे करू नका म्हटलं होतं नेमकं तेच. पहिला कागद सुटला तेव्हा आत जांभळी रेघ तशीच्या तशी होती, गोल, कुठे थरथर नाही. पण निळा शिक्का होता. रद्दीतला. दुसऱ्यावरही शिक्का. तिसऱ्यावरही.

त्या दुपारी अकरा झाले. बुधवारी चौदा. एका मुखवटेवाल्या गुप्तहेराचं अर्धं तोंड कागदाबरोबर निघून आलं आणि मी त्याची माफी मागितली. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. नवरा दुर्गला सामान टाकून आला की मी ओली कापडं पलंगाखाली सरकवायची आणि स्वयंपाकाला लागायची. वरणात दोनदा मीठ पडलं.

गुरुवारी बाबांनी खाटेवरून हाक मारली. “काय करून राहिली वं तिकडं?”

“पुस्तकं लावून राहिली बाबा.”

“खळीचा वास येऊन राहिला.”

“भिंतीले ओल आली.”

“उन्हाळ्यात?” ते म्हणाले. मी पाणी आणते म्हणून उठले आणि स्वयंपाकघरात उगाच उभी राहिले. ऐंशीच्या वर्षी माणसाचे डोळे जातात, कान जातात. माझ्या बापाचं नाक तेवढं शाबूत राहिलं होतं.

शुक्रवारी चोवीस राहिले होते. त्यात नसला तर? एखादं पुस्तक कोणी तेव्हाच पळवलं असेल, चार आण्याला नेलं आणि परत आणलं नसेल, तर? मला हा विचार याआधी कसा सुचला नाही कोण जाणे. मी चिडून सुरी जोरात घातली आणि एक कव्हर उभं फाडलं.

त्यानंतरच्या दुसऱ्याच पुस्तकात तो होता. शिक्का नव्हता. मे महिन्याची तारीख, रात्रपाळी, आणि खाली बाबांची सही, पहिल्या अक्षरावर लांबलचक रेघ ओढलेली. मोरचुदानं कागदाला हिरवट झाक आली होती, बाकी काल काढावा तसा. मी तो उजेडात धरला.

रेघ बारापर्यंत गोल होती. दोनपर्यंत गोल होती. तीनच्या पुढे ती आत वळली होती, भाकरीची कड अंगठ्यानं दाबावी तशी, आणि चांगली चारपर्यंत आतच होती. मग एकदम घाबरल्यासारखी वर चढली होती. त्या जागी शाई जाड होती.

मला चार्ट वाचता येतो. आईनंच शिकवला होता. तीन ते चार भट्टी थंड पडली होती. बाबा झोपले होते.

खोटं कशाला बोलू, आधी मला हलकं वाटलं. इतकं हलकं की हसूच आलं. मी त्यांची नोकरी घालवली नव्हती. हा कागद वेळेवर सापडला असता तर नोकरी उलट त्याच दिवशी गेली असती. छत्तीस वर्षं मी फुकट मेले होते. आणि मग आई आठवली, डोक्यावर पदर घेऊन भर उन्हात रद्दीच्या दुकानांतून फिरणारी, आणि ते हलकेपण क्षणात गेलं. आता दुसरीच भीती. हा कागद मी कोणाला दाखवणार होते? ज्या माणसाची लाइन कधी वाकडी गेली नाही, त्याला? मी तो वर्तमानपत्रात गुंडाळून पिठाच्या डब्यामागे ठेवला. शनिवारी बाबांना आंघोळ घालताना, जेवायला वाढताना मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

रविवारी अकराच्या गाडीनं नागपूरचा माणूस आला. हातमोजे घालून त्यानं एकेक ढीग तपासला. त्रेसष्टाच्या ढिगाशी आल्यावर त्याचा चेहराच पडला.

“हे कोणं खोललं मॅडम? मी तुमाले नाही म्हनलं होतं ना.”

“मीच खोललं,” मी म्हटलं.

त्या ढिगाचे अर्धेच देईन म्हणाला, मी बरं म्हटलं. नवऱ्यानं आणि टेम्पोवाल्यानं पेट्या उचलल्या. पुढच्या खोलीतून, बाबांच्या खाटेजवळून, एकेक पेटी गेली. बाबा प्रत्येक पेटीकडे दारापर्यंत पाहत राहिले. नवरा टेम्पोबरोबर स्टेशनवर गेला.

घर रिकामं वाटायला लागलं. मी झाडू घेऊन मागच्या खोलीकडे निघाले तेव्हा बाबा म्हणाले, “सापडला का?”

“काय, बाबा?”

“तो चार्ट.”

मी झाडू भिंतीला टेकवला. ते माझ्याकडे नव्हे, पंख्याकडे पाहत होते.

“त्याच दिवाळीत पाह्यलं होतं मी,” ते म्हणाले. “तुह्या एका बुकाचा कोपरा उघडला होता जरासा. आतून जांभळी शाई दिसली. मंग समजलं, सारे चार्ट तुह्या बुकाईत गेले. तोही त्यातच असंन.”

“मंग काढला कावून नाही तुम्ही?”

“कायले काढू? तिथंच बरा होता. जाळायचा म्हनूनच आनला होता मी तो. भट्टीत टाकतो म्हनलं, तर सकाळची पाळी आली. घरी आनून रद्दी चार्टाईत ठेवला, का कोणाले दिसू नये. उद्या जाळू म्हनलं.” ते थांबले. “डोया लागला होता माहा. एक घंटा. तेवढाच.”

मी त्यांच्या खाटेवर बसले. पेट्या विकायला निघाल्या की ‘राहू द्या, पोरीचा शौक आहे’ असं ते का म्हणत, ते मला कळलं. मी ज्या कागदाला भिऊन पेट्या सांभाळत होते, त्याच कागदाला भिऊन ते मला सांभाळू देत होते. आणि मधे आई होती.

“बाबा, आईनं रद्दीत देले म्हणून मीच म्हटलं होतं. मले माहीत होतं तिनं नाही देले.”

“मलेही माहीत होतं,” बाबा म्हणाले. “दिवाळीपासून माहीत होतं. ती जेव्हा जेव्हा म्हने का मीच फेकलं असंन, तेव्हा मी एका शब्दात सांगू शकलो असतो, का तू नाही फेकलं. मी चूप राह्यलो. पंचवीस वर्सं.”

ते खाकरले. तेच खाकरणं. चौथ्या शीलाशी यायचं ते. ते मला कधीच सुनावत नव्हते.

यार्डात गाड्या जोडल्याचा आवाज येत राहिला. मग त्यांनी चष्मा मागितला आणि म्हणाले, “आन तो.”

मी पिठाच्या डब्यामागून कागद आणला. त्यांनी मला खाट भिंतीशी ओढायला लावली, जिथे आईचा फोटो आहे. फोटोत आईनं डोक्यावर पदर घेतला आहे आणि ती जरा घाबरल्यासारखी दिसते. फोटो काढताना ती नेहमीच घाबरायची. बाबा उशीला टेकून उठून बसले. त्यांनी चार्ट फोटोसमोर धरला, जसा पूर्वी पाळीवरून आल्यावर तिला दाखवायचे तसा, आणि तर्जनी रेघेवरून फिरवत नेली.

“हे पाह्य,” ते आईला म्हणाले. “इथवर बरोबर होती. मंग तीन वाजले. इथं.”

बोट त्या आत गेलेल्या जागेवर थांबलं. ते रडत होते, पण बोट त्यांनी हलवलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी चार्ट माझ्याकडे दिला आणि फोटोसमोरची जागा मोकळी करून बाजूला सरकले. आता माझी पाळी होती.